झाझरियांची बारा वर्षं आणि शाळेतला मैदानाचा तास

2004 च्या सप्टेंबरात अथेन्सच्या पॅरालिम्पिकमध्ये देवेंद्र झाझरिया यांनी 62.15 मीटर भाला फेकला. सुवर्णपदक मिळालं आणि विश्वविक्रमही झाला. तेव्हा त्यांचं वय होतं 23. पुढे 2016 च्या सप्टेंबरात रिओमध्ये त्यांनी 63.97 मीटर फेक केली. पुन्हा सुवर्ण, पुन्हा विश्वविक्रम. आता वय होतं 35. या दोन फेकींमध्ये बारा वर्षं गेली आणि त्या काळात पॅरालिम्पिक दोनदा भरलं, 2008 ला बीजिंगमध्ये आणि 2012 ला लंडनमध्ये. आपल्या वर्गात जगातला सर्वांत लांब भाला फेकलेला हा माणूस दोन्ही ठिकाणी नव्हता, कारण त्यांच्या एफ 46 या, हाताचं अपंगत्व असलेल्या खेळाडूंच्या, वर्गाची भालाफेक त्या दोन्ही स्पर्धांच्या कार्यक्रमातच नव्हती.

खेळाडूचं शरीर सर्वाधिक देऊ शकतं ती वर्षं साधारण 23 ते 35 मधलीच. झाझरियांची ती वर्षं खेळांच्या वेळापत्रकानं खाल्ली. तरीही ते परत आले, आणि आधीपेक्षा लांब फेक करून आले. त्यानंतर पाच वर्षांनी, वयाच्या चाळिशीत, टोकियोला त्यांनी 64.35 मीटरची फेक करून रौप्य मिळवलं. दोन्ही सुवर्णपदकांच्या फेकींहून ही फेक लांब होती. श्रीलंकेच्या दिनेश प्रियंथा हेरथ यांनी त्या दिवशी 67.79 मीटरचा विश्वविक्रम केला, म्हणून ती दुसरी ठरली.

आपण ही कहाणी सांगतो ती जिद्दीची म्हणून. राजस्थानातल्या चुरू जिल्ह्यातलं एक छोटं गाव. आठ वर्षांचा मुलगा झाडावर चढतो, 11,000 व्होल्टच्या तारेला त्याचा स्पर्श होतो, डावा हात कापावा लागतो. घरात कोंडून घेतलेल्या मुलाला आई बाहेर खेळायला पाठवते. बांबूचा भाला करून सराव सुरू होतो आणि एक दिवस गळ्यात सुवर्णपदक येतं. सत्कारांत, शालेय पुस्तकांत, निवेदकांच्या तोंडी ही कहाणी याच क्रमानं येते आणि ऐकताना आपलेही डोळे भरून येतात. तिच्यात खोटं काही नाही. पण ज्यानं विसाव्या वर्षाच्या पुढचं सगळं एका फेकीच्या आशेवर काढलं, त्याच्याबद्दल बोलताना आपण ‘जिद्द’ एवढंच म्हणून थांबतो, तेव्हा आपण स्वतःची सुटका करून घेतो असं मला वाटतं. जिद्द ही त्याची. मग आपली जबाबदारी कोणती, हा प्रश्न उरतच नाही. माझं म्हणणं असं, की झाझरियांची कारकीर्द हा आपल्या क्रीडाव्यवस्थेचा हिशेब आहे आणि तो पदकांच्या दिवशी मांडता येत नाही. तो मांडायचा असतो मधल्या कोऱ्या वर्षांत, आणि त्याही आधी, शाळेतल्या मैदानाच्या तासाला.

एका हातानं भाला फेकणं म्हणजे नेमकं काय, हे आधी समजून घेऊ. भाला एकाच हातानं फेकायचा असतो, मग दुसरा हात नसला तर फार काय बिघडतं, असा प्रश्न मी सुजाण माणसांकडूनही ऐकला आहे. बिघडतं ते बरंच. उजव्या हातानं फेकणारा खेळाडू धावत येतो, शेवटच्या काही पावलांत शरीर आडवं करतो, उजवा हात मागे ताणतो. तेव्हा डावा हात पुढे असतो. डावा पाय जमिनीवर रोवला जातो त्याच क्षणी हा डावा हात झटक्यानं छातीजवळ ओढला जातो. त्यानं शरीराची डावी बाजू थांबते, आणि ती थांबते म्हणून उजवी बाजू वेग घेते. दार जसं बिजागरीभोवती फिरतं तसं धड त्या थांबलेल्या बाजूभोवती फिरतं. भाला साधारण 35 अंशांच्या आसपासच्या कोनात सुटायला हवा. त्या कोनात थोडी चूक झाली की काही मीटर गेलेच. ज्याच्याकडे डावा हातच नाही, त्याला धावतानाच तोल वेगळा सांभाळावा लागतो, कारण शरीराच्या दोन बाजूंचं वजन सारखं नसतं. जो झटका डावा हात देतो तो त्याला पाठीतून, पोटातून आणि रोवलेल्या डाव्या पायातून काढावा लागतो. भाला मात्र तोच, 800 ग्रॅमचा, नीरज चोप्रा फेकतो तोच. म्हणजे एका हाताच्या भालाफेकपटूचं तंत्र हे दोन हातांच्या तंत्रातून काही वजा करून मिळत नाही, ते मुळापासून वेगळं उभारावं लागतं. त्यासाठी ते जाणणारा प्रशिक्षक हवा, पाठ आणि गुडघे सांभाळणारा फिजिओ हवा, आणि पुष्कळ वर्षं हवीत. नुसत्या जिद्दीवर 64 मीटर भाला जात नाही.

आता वर्गांबद्दल. पॅरा ॲथलेटिक्समध्ये मैदानी प्रकारांच्या वर्गांना ‘एफ’ हे अक्षर असतं आणि पुढचा आकडा अपंगत्वाचा प्रकार व तीव्रता सांगतो. दृष्टिबाधितांचे आकडे दहाच्या घरात, सेरेब्रल पाल्सी असणाऱ्यांचे तिसाच्या, बसून फेकणाऱ्यांचे पन्नासच्या, पायाला कृत्रिम अवयव लावून खेळणाऱ्यांचे साठच्या घरात. झाझरियांचा 46 म्हणजे हाताचं अपंगत्व. वर्ग इतके, त्यांना गुणिले धावणं, उड्या आणि फेकी, शिवाय पुरुष आणि महिला. हे सगळं एका पॅरालिम्पिकमध्ये मावणं शक्य नाही. म्हणून दर वेळी काही वर्गांचे काही प्रकार कार्यक्रमात येतात, काही बाहेर राहतात, काही एकत्र केले जातात.

आंतरराष्ट्रीय संघटनेवर राग काढून काही मिळणार नाही. एवढे वर्ग असतील तर निवड करावीच लागेल. पण निवडीचा फटका कुणाला आणि किती बसतो हे तरी डोळे उघडे ठेवून पाहावं. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही पॅरालिम्पिकमध्ये एफ 44 (पायाचं अपंगत्व, पण कृत्रिम पाय नाही) आणि एफ 64 या वर्गांची भालाफेक एकत्र झाली. एफ 64 मध्ये सुमित अंतिल आहेत. त्यांनी टोकियोत 68.55 आणि पॅरिसमध्ये 70.59 मीटरच्या फेकीनं सुवर्ण जिंकलं. त्याच स्पर्धेत एफ 44 चे संदीप चौधरी उतरले आणि दोन्ही वेळा चौथे आले. पुढच्याच वर्षी, 2025 मध्ये, दिल्लीच्या जागतिक स्पर्धेत एफ 44 वेगळा ठेवला गेला तेव्हा महाराष्ट्राचे संदीप सरगर यांनी त्यात सुवर्ण जिंकलं आणि चौधरी यांनी रौप्य. माणसं तीच, भालाही तोच, बदलला तो फक्त कार्यक्रमपत्रिकेवरचा रकाना. एकत्रीकरणानं एफ 44 च्या खेळाडूला काहीच मिळत नाही असंही नाही. श्रीलंकेचे दुलन कोडितुवक्कू याच वर्गातले आणि त्यांनी या एकत्र स्पर्धेत टोकियोत कांस्य, पॅरिसमध्ये रौप्य मिळवलं. खेळाडू म्हणून त्यांचं कौतुक आहेच. पण त्या उदाहरणावरून ‘मग चौधरींना का जमलं नाही’ असं विचारणं मला योग्य वाटत नाही.

इथे एक नेहमीचा आक्षेप येतो. इतके वर्ग म्हणजे प्रत्येक वर्गात स्पर्धक थोडे, मग पदक सोपं नाही का? हा आक्षेप घेणाऱ्याला मी खाशाबा जाधवांची आठवण करून देईन. 1952 ला हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्यांनी जिंकलं ते बँटमवेट गटात, म्हणजे 57 किलोच्या. ते हेवीवेट मल्लाशी लढले नाहीत म्हणून त्यांचं कांस्य हलकं, असं कुणी म्हटलं तर आपण त्याला गावात उभं करणार नाही. कुस्तीत वजन मोजतात, पॅरा खेळात अपंगत्व मोजतात. दोन्हीकडे हेतू एकच, लढत बरोबरीची व्हावी. बरोबरीच्या लढतीत जिंकणं सोपं असतं असं कुस्ती पाहिलेला माणूस कधीच म्हणणार नाही.

पुन्हा त्या बारा वर्षांकडे येऊ. अथेन्सनंतर अर्जुन पुरस्कार मिळाला. 2012 मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांचा वर्ग नव्हता. देश त्यांना राष्ट्रपती भवनात बोलावत होता आणि स्पर्धेसाठी कुठे पाठवावं हे देशाला ठाऊक नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या. 2008 नंतर खेळ सोडण्याचा विचार आपल्या मनात आला होता, हे त्यांनी नंतर मुलाखतींत सांगितलं आहे. कबड्डी खेळलेल्या पत्नीनं त्यांना थांबवलं. 2013 ला लिऑनच्या जागतिक स्पर्धेत एफ 46 ची भालाफेक होती आणि तिथे त्यांनी सुवर्ण जिंकलं. 2014 ला इंचॉनच्या आशियाई पॅरा स्पर्धेत रौप्य, 2015 ला दोहाच्या जागतिक स्पर्धेत पुन्हा रौप्य. म्हणजे माणूस संपला नव्हता, फॉर्मही गेला नव्हता. फक्त ज्या मंचाकडे बघून देश टाळ्या वाजवतो त्या मंचावर त्यांच्यासाठी जागा नव्हती.

अशा वर्षांत खेळाडूला कोण सांभाळतं? आपल्याकडे याचं उत्तर ‘घरचे’ असं आहे. कुटुंब, एखादा प्रशिक्षक, नोकरीतला एखादा समजूतदार वरिष्ठ. हे सगळं नशिबावर. पुढच्या पॅरालिम्पिकमध्ये पदकाची शक्यता किती, एवढ्यावर मदत ठरत असेल, तर ज्याचा वर्ग कार्यक्रमात नाही त्याची शक्यता शून्य धरली जाणार. सरकारी तर्कानं ते बरोबर दिसतं. पण त्या तर्कानं चाललो असतो तर रिओचं सुवर्ण आलं नसतं. झाझरियांना आपण त्या काळात सांभाळलं म्हणून ते परतले असं म्हणण्याइतका पुरावा मला तरी सापडत नाही. आणि त्यांच्यासारखी पत्नी, तसा स्वभाव, तशी प्रकृती नसलेले जे त्या बारा वर्षांत खेळ सोडून गेले असतील, त्यांची नावं कुणी लिहून ठेवलेली नाहीत.

त्याच काळात संघटनेची अवस्था काय होती? मार्च 2015 मध्ये गाझियाबादला राष्ट्रीय पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धा झाली. अर्धवट बांधलेल्या इमारतीत खेळाडूंची सोय केली होती. व्हीलचेअर जाईल अशी स्वच्छतागृहं नव्हती. पायांनी चालू न शकणारी माणसं जमिनीवरून सरकत जात असल्याची छायाचित्रं देशानं पाहिली. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीनं भारतीय समितीला निलंबित केलं आणि ते निलंबन रिओच्या तोंडावर उठलं. ज्या खेळाडूंनी रिओत चार पदकं आणली ते याच वातावरणातून तिथे गेले होते. रिओतच एफ 46 च्या भालाफेकीसाठी गेलेले सुंदरसिंग गुर्जर नाव पुकारलं गेल्यावर वेळेत पोहोचले नाहीत म्हणून स्पर्धेबाहेर गेले. पुढे 2017 ला लंडनमध्ये आणि 2019 ला दुबईत तेच जगज्जेते झाले. एवढ्या ताकदीच्या खेळाडूला वेळेत दारापर्यंत नेणारं कुणी सोबत नसावं, हा दोष मी तरी एकट्या खेळाडूच्या माथी मारणार नाही.

यानंतर बरंच बदललं, हे मान्य करायलाच हवं. रिओपासून पॅरालिम्पिक सुवर्णाला केंद्र सरकारचं बक्षीस 75 लाख रुपये, म्हणजे ऑलिम्पिक सुवर्णाइतकंच. झाझरियांना 2017 मध्ये खेलरत्न, 2022 मध्ये पद्मभूषण मिळालं. टोकियोत भारताची 19 पदकं, पॅरिसमध्ये 29. डिसेंबर 2023 मध्ये दिल्लीत पहिली खेलो इंडिया पॅरा स्पर्धा झाली. 2025 ची जागतिक पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धा आपण दिल्लीत भरवली आणि एफ 46 च्या भालाफेकीत रिंकू हुडा पहिले, सुंदरसिंग गुर्जर दुसरे आले. 2012 च्या लंडनमध्ये संपूर्ण भारतीय पथकाला एकच पदक मिळालं होतं, उंच उडीतल्या गिरीशा यांचं. तिथून इथवरचा प्रवास मोठा आहे आणि त्यासाठी झटलेल्या अधिकाऱ्यांचं, प्रशिक्षकांचं श्रेय कुणी नाकारू नये.

मात्र हा सगळा सुधार वरच्या मजल्यावरचा आहे. ज्याचं नाव आधीच यादीत आलं, त्याला आता चांगली मदत मिळते. यादीत नाव येण्याआधीचं काय?

झाझरियांच्या कारकिर्दीतली सर्वांत महत्त्वाची घटना अथेन्सला घडली नाही, रिओलाही नाही. ती 1997 मध्ये घडली, एका शालेय स्पर्धेत. तिथे प्रशिक्षक आर. डी. सिंग यांनी त्यांना भाला फेकताना पाहिलं आणि आपल्या हाताखाली घेतलं. त्या स्पर्धेत झाझरिया धडधाकट मुलांबरोबर उतरले होते. या तपशिलावर आपण थांबत नाही, पण सगळं इथेच आहे. कुठल्या तरी शिक्षकानं त्या मुलाचं नाव स्पर्धेच्या यादीत लिहिलं होतं. ‘तुला नको, तू बस’ असं तो म्हणाला नव्हता. त्या दिवशी तो मुलगा मंडपात बसून गुण लिहीत असता, तर सिंग यांची नजर त्याच्यावर पडण्याचं काही कारणच नव्हतं.

आपल्या शाळांमध्ये काय होतं ते मराठी वाचकाला मी सांगायला नको. पायाला कॅलिपर असलेलं, एक हात लुळा असलेलं, कमी दिसणारं मूल वर्गात असतं. मैदानाच्या तासाला त्याला ‘सूट’ मिळते. ते वर्गात एकटं बसतं, किंवा मैदानाच्या कडेला इतरांची दप्तरं आणि चपला राखतं. क्रीडामहोत्सवात त्याला कागद देऊन गुण लिहायला बसवतात. बाई किंवा सर हे प्रेमानं करतात, त्याला लागू नये म्हणून करतात. पालकांनाही हायसं वाटतं. वैद्यकीय दाखला जोडला की विषय संपतो. कुणाच्या मनात वाईट काही नसतं, पण दहावीपर्यंत पोहोचेतो त्या मुलाला मैदान हे आपलं नाही हे पक्कं कळलेलं असतं.

आणि हे कायद्याला धरून नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधलं कलम 16 शिक्षणसंस्थांवर जबाबदारी टाकतं. दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, आणि शिक्षणाबरोबरच खेळाच्या व करमणुकीच्या संधी इतरांच्या बरोबरीनं द्यायच्या. कलम 30 तर संपूर्ण क्रीडा या विषयावरच आहे. अभ्यासक्रम, सुविधा, मैदानं त्यांना वापरता येतील अशी करणं ही सरकारची आणि क्रीडा यंत्रणेची जबाबदारी असल्याचं ते सांगतं. रॅम्पची चर्चा या कायद्यामुळे तरी सुरू झाली. खेळाच्या कलमाबद्दल किती मुख्याध्यापकांनी ऐकलं आहे, हे विचारून पाहावं.

पैसे नाहीत, हे उत्तर इथे चालणार नाही. व्हीलचेअर बास्केटबॉलला विशेष खुर्ची लागते, बसून गोळा फेकायला चौकट लागते, हे खरं. पण एक हात नसलेल्या मुलाला भाला फेकायला, धावायला, लांब उडी मारायला काहीही जास्तीचं लागत नाही. कमी दिसणाऱ्या मुलीला धावायला सोबत धावणारी एक मैत्रीण आणि दोघींच्या हातात एक दोरी पुरते. लागतो तो क्रीडाशिक्षक, आणि त्याला थोडं प्रशिक्षण. अनेक शाळांत क्रीडाशिक्षकच नाही, ही अडचण मात्र मोठी आहे. ती दिव्यांग मुलांपुरती नाही, सगळ्याच मुलांची आहे. मैदान सगळ्यांसाठीच ओस पडलं तर सगळ्यात आधी कोण बाहेर राहतं हे वेगळं सांगायला नको.

महाराष्ट्राला या विषयात मागे राहण्याचं काही कारण नाही. भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांचं आहे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झालेल्या या जवानानं 1972 ला हायडेलबर्गमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल जलतरणात सुवर्ण जिंकलं. त्याच स्पर्धेत ते भालाफेकीतही उतरले होते आणि अंतिम फेरीपर्यंत गेले होते, हे फार कमी लोकांना माहीत आहे. त्यांना पद्मश्री मिळाली 2018 मध्ये, म्हणजे 46 वर्षांनी. 1984 च्या पॅरालिम्पिकमध्ये भीमराव केसरकर यांनी भालाफेकीत रौप्य आणि जोगिंदरसिंग बेदी यांनी कांस्य मिळवलं. नीरज चोप्रांच्या 7 ऑगस्ट 2021 च्या सुवर्णाच्या सदतीस वर्षं आधी भारताच्या नावावर भालाफेकीची पदकं होती. केसरकरांचं नाव आज कुणाला विचारून पाहा. आणि पॅरिसला गोळाफेकीत 16.32 मीटरच्या फेकीनं रौप्य जिंकणारे सचिन खिलारी हेही सांगलीचेच, आटपाडी तालुक्यातले, झाझरियांच्याच एफ 46 वर्गातले. शाळेत असताना सायकलवरून पडून त्यांचा हात जायबंदी झाला होता. एका जिल्ह्यातून अर्धशतकाच्या अंतरानं दोन पदकविजेते येतात, तर मधल्या पन्नास वर्षांत त्या जिल्ह्यातल्या, आणि राज्यातल्या, किती मुलांना मैदानाच्या कडेला बसवलं गेलं असेल? पेटकर सैन्यात होते, तिथून त्यांना वाट मिळाली. गावातल्या शाळेतल्या मुलाला तशी वाट कुठून मिळणार?

मार्च 2024 पासून झाझरिया स्वतः भारतीय पॅरालिम्पिक समितीचे अध्यक्ष आहेत. त्याच वर्षी चुरूमधून त्यांनी लोकसभेची निवडणूकही लढवली, ती हरले. राजकारणात जावं की नाही हा त्यांचा प्रश्न. अध्यक्षपदाबद्दल मात्र बोलायला हवं. वर्ग वगळला गेल्याचं दुःख त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. म्हणून त्यांच्याकडून पदकांच्या आकड्याहून वेगळी अपेक्षा ठेवणं मला रास्त वाटतं. एखाद्या खेळाडूचा वर्ग पुढच्या पॅरालिम्पिकमधून बाहेर गेला, तर त्याची शिष्यवृत्ती, प्रशिक्षक, फिजिओ किमान चार वर्षं चालू राहतील, आणि जागतिक व आशियाई स्पर्धांत त्याच्या कामगिरीवर पुढचं ठरेल, असा लेखी नियम त्यांच्या काळात व्हावा. असा नियम 2008 मध्ये असता तर एका विश्वविक्रमवीराला घरात बसून खेळ सोडायचा का, हे ठरवावं लागलं नसतं. आंतरराष्ट्रीय पातळीवरही, कोणता वर्ग ठेवायचा आणि कोणता वगळायचा याची चर्चा होते तेव्हा त्यांच्या शब्दाला वजन आहे. ते वजन त्यांनी वापरावं.

राज्य सरकारकडून अपेक्षा याहून साधी आहे. तालुका पातळीवरच्या शालेय क्रीडास्पर्धांत दिव्यांग मुलांच्या किती स्पर्धा झाल्या आणि किती मुलं उतरली, एवढे दोन आकडे दर वर्षी जाहीर करावेत. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेत विशेष शिक्षक आहेत, गटसाधन केंद्रं आहेत, कोणत्या शाळेत कोणतं मूल आहे याची नोंद आहे. नव्यानं यंत्रणा उभारायची गरज नाही. आहे ती मैदानाकडे वळवायची आहे. या दोन आकड्यांवर पहिल्या वर्षी आपल्याला बहुधा लाज वाटेल. वाटू द्यावी. आकडा छापला गेला की दुसऱ्या वर्षी तो वाढवण्याची चढाओढ लागते, हे आपण पटसंख्या आणि हागणदारीमुक्तीच्या बाबतीत पाहिलं आहे. कागदावर आकडा फुगवण्याचा धोका आहेच. म्हणूनच पालकांनी लक्ष ठेवणं गरजेचं आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. जूनमध्ये शाळा उघडली की पहिली बैठक होते. गणवेश, पोषण आहार, छताची गळती हे विषय संपले की तिथे एक प्रश्न विचारता येईल: मैदानाच्या तासाला सूट मिळालेली मुलं किती आहेत, आणि त्या तासाला ती काय करतात? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं. डिसेंबरात क्रीडामहोत्सव असतो. त्याच्या आधीच्या बैठकीत इतिवृत्ताचं ते पान काढून, त्या मुलांपैकी कुणाकुणाची नावं कोणत्या स्पर्धेच्या यादीत लिहिली आहेत हे मुख्याध्यापकांना नावानिशी विचारावं.